असं झालं असतं तर: १९४२ च्या अंदमानवर कल्पित इतिहासकथा कशी लिहावी

नाशिककराला अंदमान ठाऊक असतं ते सेल्युलर जेलमुळे. भगूरचे दोघे सावरकर भाऊ, बाबाराव आणि तात्याराव, तिथल्या कोठड्यांत होते, आणि कोलू, म्हणजे कैद्यांना जुंपायचा तो तेलाचा घाणा, काय ते आमच्याकडचं शाळकरी पोरही सांगतं. त्यापुढचं पान मात्र बहुतेकांचं कोरं असतं. २३ मार्च १९४२ ला जपानी सैन्य पोर्ट ब्लेअरला उतरलं आणि ऑक्टोबर १९४५ पर्यंत बेटांवर राहिलं. त्या साडेतीन वर्षांत तिथली साधी माणसं कशी जगली, कोण लढलं, कोणाला विनाकारण मारलं, हे माझ्याकडे कथा घेऊन येणाऱ्यांपैकी क्वचितच कुणाला माहीत असतं. म्हणून ‘असं झालं असतं तर’ या धर्तीची कथा लिहायची आहे असं कुणी म्हटलं, की मी पानिपताच्या आधी अंदमान पुढे करते.

मी नाशिकरोडला शाळेत भूगोल शिकवला. आता दिवाळी अंकांसाठी लिहू पाहणाऱ्या नव्या मंडळींचं लेखन वाचून देते. भूगोलाची शिक्षिका असल्यामुळे माझा आग्रह एकाच गोष्टीचा असतो: बेटावरच्या लढ्याची कथा बंदुकीपासून सुरू करू नका, तांदळापासून करा. बेटाला मागचा दरवाजा नसतो. तिथे लढणारा माणूस आणि त्याची किंमत मोजणारा माणूस एकाच गावात राहतात. हे एकदा मनात पक्कं झालं की बाकीची कथा सापडत जाते.

पहिलं काम खऱ्या इतिहासाचं. भिंतीवर मोठा कागद लावा आणि तारखा लिहून काढा. जानेवारी १९४२ मध्ये अंदमानच्या बंदोबस्ताला एक गुरखा तुकडी आली. त्याआधी तिथे सुमारे ३०० शीख लष्करी पोलीस आणि २३ इंग्रज अधिकारी होते. ८ मार्चला रंगून पडलं. १० मार्चला गुरखा तुकडी परत नेली, कारण पोर्ट ब्लेअर राखता येणार नाही असं ठरलं. २३ मार्चला जपानी उतरले आणि तीन-चार तासांत सगळं ताब्यात आलं. कुणी प्रतिकार केला नाही. त्याच सुमारास ब्रिटिश मंत्री क्रिप्स बोलणी करायला दिल्लीत येऊन पोचत होते. ५ एप्रिलला कोलंबोवर बाँब पडले, ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर, ९ एप्रिलला त्रिंकोमालीवर. मद्रासेतून सरकारी कचेऱ्या हलवल्या गेल्या. हा कागद कथा संपेपर्यंत भिंतीवरून काढायचा नाही.

याच कागदावर आणखी एक नोंद हवी, कारण मराठी लेखक इथे हमखास घसरतो. १९४२ साली सेल्युलर जेलमध्ये राजकीय कैदी नव्हते. १९३७ च्या उपोषणानंतर त्यांना मुख्यभूमीवर परत आणलं गेलं आणि १९३८ मध्ये ते काम पूर्ण झालं. सावरकर बंधू तर १९२१ मध्येच तिथून हलले होते. तेव्हा जपानी आले, जेलचे दरवाजे उघडले आणि क्रांतिकारक बाहेर पडले, असा प्रसंग तुमच्या डोक्यात असेल तर तो मोडावा लागेल. बेटावर जे होते ते साधे गुन्हेगार कैदी, शिक्षा भोगून तिथेच स्थायिक झालेल्यांची मुलंनातवंडं, १९२१ च्या मलबारातल्या उठावानंतर पाठवलेले मोपले, संयुक्त प्रांतातून आणलेले भांतू जमातीचे लोक, ब्रह्मदेशातून येऊन उत्तरेकडे वसलेले कारेन. या सगळ्यांची आपसातली भाषा हिंदुस्थानी. एवढी मिश्र वस्ती लेखकाच्या हाती आयती आलेली असताना तिथे एकच तेजस्वी मराठी नायक उभा करून कथा त्याच्या खांद्यावर टाकणं मला पटत नाही.

फाटा कुठे फोडायचा

इतिहास जिथून वळवायचा ती जागा एकच हवी आणि ती लहान हवी. ‘जपानकडे अणुबाँब असता तर’, ‘नेताजी १९४१ मध्येच अंदमानला पोचले असते तर’ असले फाटे घेऊन लोक येतात. इतक्या मोठ्या बदलानंतर काहीही घडू शकतं, आणि काहीही घडू शकतं म्हटलं की वाचकाला कशाचीच धास्ती वाटत नाही. त्यापेक्षा एका खोलीत, एका माणसाने घेतलेला निर्णय शोधा, जो दुसऱ्या बाजूलाही सहज पडला असता.

माझा आवडता फाटा १० मार्चचा. समजा, त्या दिवशी धक्क्यावर लागलेल्या जहाजात जागा कमी आहे. अधिकाऱ्याने ठरवलं, आधी बायकामुलं जातील, शिपाई पुढच्या फेरीला. पुढची फेरी आलीच नाही. एवढंच. गुरखा तुकडी बेटावर राहिली. आता २३ मार्चची पहाट वेगळी होईल की नाही?

२६ जून १९४१ ला अंदमानात फार मोठा भूकंप झाला होता आणि रॉस बेटावरच्या कचेऱ्यांना, सेल्युलर जेललाही त्याचे तडाखे बसले होते. तो भूकंप झालाच नसता तर, हाही फाटा कुणी सुचवतं. निसर्गाने चूक सुधारली असं धरलेल्या कथेत मला गोडी वाटत नाही. माणसाला जबाबदार धरता येत नाही तिथे नाट्य पातळ होतं. भूकंप जसा झाला तसा राहू द्या आणि त्याच्या खुणा वापरा. तडे गेलेल्या भिंती, टेकू दिलेली छपरं, नऊ महिन्यांनंतरही दुरुस्त न झालेली कौलं. सैन्य अशा गावात उतरतंय हे वाचकाला दिसलं पाहिजे.

फाटा फोडल्यावर पुढची शिस्त अवघड असते. तुमचा बदल जिथे पोचत नाही तिथला इतिहास जसाच्या तसा चालू राहतो. जंगलात शिरलेली एक तुकडी कोलंबोवरचा हल्ला थांबवू शकत नाही. क्रिप्स यायचे ते येतात, त्यांची बोलणी फिसकटायची ती फिसकटतात, ऑगस्टमध्ये गवालिया टँकवर ‘चले जाव’ घुमतंच. भिंतीवरच्या प्रत्येक तारखेपुढे विचारा: माझ्या फाट्याचा धक्का इथवर कोणत्या वाटेने आला? वाट सापडली नाही तर त्या तारखेला हात लावू नका.

तांदूळ, पाऊस, क्विनाइन

या भागाला सर्वांत जास्त वेळ द्या.

१९४१ च्या जनगणनेत अंदमानची लोकसंख्या २१,३१६ आहे, निकोबारची १२,४५२. निकोबारी माणसाचा आधार नारळ, केवडा, डुक्कर आणि मासळी. तो हिशोब निराळा. अंदमानातली वस्ती तांदळावर, आणि बराचसा तांदूळ बाहेरून जहाजाने येणारा. माणशी दिवसाला चारशे ग्रॅम धरला तरी रोज साडेआठ टन, म्हणजे क्विंटलच्या पोत्याने ८५ पोती. महिन्याला अडीच हजारांवर. रंगून पडलं म्हणजे ब्रह्मदेशाचा तांदूळ इंग्रजांच्या हातून गेला. आता कोठारात किती पोती आहेत, किल्ली कोणाकडे आहे, आणि नवं सैन्य उतरल्यावर त्यातलं कोणाच्या वाट्याला काय येणार, हे आकडे तुमच्या वहीत असले पाहिजेत. कथेत ते छापायचे नाहीत. पण पात्रं त्या आकड्यांच्या धाकात वागली पाहिजेत.

हे नुसतं माझं वेड नाही. १९४० साली जर्मनीने इंग्लंडवर स्वारी केली असती तर काय झालं असतं, याचा १९७४ मध्ये सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत पटावर खेळ मांडून अभ्यास झाला. जर्मनांची पहिली लाट किनाऱ्याला लागली, आतही घुसली. मग इंग्रज आरमाराने इंग्लिश खाडी अडवली, मागून येणारी रसद तुटली आणि उतरलेलं सैन्य अडकून पडलं. किनाऱ्याला लागणं हा एका पहाटेचा प्रश्न असतो. दुसऱ्या आठवड्यात भाकरी कुठून येणार, तिथे स्वारीचा निकाल लागतो. जपान्यांचंही शेवटी तेच झालं: जहाजं बुडू लागली, तांदूळ येईना, आणि १९४५ मध्ये बेटावर उपासमार होती. ऑगस्टमध्ये, खाणारी तोंडं कमी करायची म्हणून, शेकडो लोकांना नवी जमीन कसायला नेतो असं सांगून बोटींत भरलं आणि हॅवलॉक बेटाजवळ समुद्रात ढकललं. वाचलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हे खरं घडलंय. तुमची कल्पित कथा याहून क्रूर करायची गरज पडणार नाही.

पावसाकडे या. आपल्याकडे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आभाळाकडे बघायला लागतात. अंदमानात नैर्ऋत्य मोसमी पाऊस वीस मेच्या आसपासच येऊन ठेपतो आणि परतीचा पाऊसही तिथे जोरात असतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटर. मार्च अखेरीस जंगलात गेलेल्या माणसाला कोरडे असे जेमतेम दोन महिने मिळतात. त्यानंतर काडेपेटी ओली, जखम ओली, काडतुसं ओली. चूल पेटवली तर ओल्या लाकडाचा धूर वर चढतो आणि दूरवरून दिसतो. जळवा आहेत, हिवताप आहे. आणि हिवतापावरचं औषध, क्विनाइन, जगात बहुतेक येत होतं जावा बेटातून. जावा त्याच मार्च महिन्यात जपान्यांच्या हाती पडलं. म्हणजे डॉक्टरच्या बाटलीत आहे तेवढंच. कोणाला गोळी द्यायची आणि कोणाला नाही, हा प्रसंग लिहून बघा. दोन पानांत तुकडीतली माणसं उघडी पडतात.

बेटावरचा माणूस धोका कसा मोजतो, हेही ठरवा. आपल्याकडे गोदेला पूर आला की कोणी मीटर विचारत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं का, छातीला आलं का, यावरून सराफ बाजारातला माणूस अंदाज घेतो. तसं पोर्ट ब्लेअरच्या कोळ्याचं काहीतरी असेल: धक्क्याची कितवी पायरी बुडाली की भरती पुरी, कोणत्या खडकामागे बोट दिसली की ती वळणार. असं एक परिमाण निर्माण करा आणि कथाभर तेच वापरा. घड्याळापेक्षा त्यावर वाचकाचा विश्वास लवकर बसतो.

सह्याद्री बाजूला ठेवा

मराठी माणसाने प्रतिकाराची कथा लिहायला घेतली की त्याच्या हाताला आपोआप घाट लागतात. छापा घालायचा, डोंगरात पसार व्हायचं, खालच्या खेड्यातून भाकरी येतेच. अंदमानात जंगल आहे, डोंगरही आहेत, उत्तरेचं सॅडल पीक सातशे मीटरच्या वर जातं. पण जंगलापलीकडे पुन्हा समुद्रच. पसार होऊन जाणार कुठे?

बेटाचा नमुना हवा असेल तर आपल्याच इतिहासात खांदेरी आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे तटबंदी उभारायला घेतली, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. मायनाक भंडारी बेट धरून बसला होता. मोठी जहाजं समोर उभी असताना लहान होड्या रात्री उथळ पाण्यातून दाणापाणी आणि दगडचुना पोचवत राहिल्या, आणि पुढच्या जानेवारीत इंग्रजांनी वेढा उठवला. हा प्रसंग बारकाईने वाचा आणि मग नकाशा बघा. खांदेरीवरून थळचा किनारा डोळ्यांना दिसतो. पोर्ट ब्लेअरहून मद्रास साडेतेराशे किलोमीटरच्या वर. खांदेरी टिकली ती होड्यांच्या फेऱ्यांवर, आणि ती फेरी अंदमानला मिळणार नाही. मग तुमच्या तुकडीला दाणा देणार कोण? एकच उत्तर उरतं: बेटावरचेच लोक, ज्यांच्याकडे स्वतःपुरताही नाही.

माझ्या कथेतला एक तुकडा देते, म्हणजे मी काय म्हणते ते दिसेल.

*चौधरीच्या बायकोने मडक्यात हात घातला तेव्हा तळ लागला. दारातला गुरखा पोरगा तिच्या थोरल्याएवढा असेल. त्याने पिशवी पुढे केली नाही, नुसता उभा राहिला. तिने तीन मुठी काढल्या, एक परत टाकली. मग ती परत टाकलेलीही काढून त्याच्या फडक्यात ओतली आणि म्हणाली, “उद्या येऊ नकोस. परवा ते मोजायला येणार आहेत.”*

इथे बंदूक नाही. पण परवा मोजायला कोण येणार आणि मडक्यात कमी भरलं तर काय होणार, याची भीती वाचकाच्या मनात बसते. अशी चार दृश्यं जमली की चकमकीचं एक दृश्य पुरतं.

प्रतिकाराची किंमत

खऱ्या जगात असा लढा एका बेटावर झाला आहे, तो अभ्यासा. तिमोरवर १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियाची एक लहान फौज जपान्यांच्या मागे राहून डोंगरातून लढत राहिली. तिचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला होता. मोडक्या सुट्या भागांतून त्यांनी वायरलेस संच जोडला आणि एप्रिलमध्ये डार्विनला संदेश लागला. ही गोष्ट शौर्याची म्हणून सांगितली जाते आणि ते शौर्य खरंच आहे. पण त्या सैनिकांचं सामान वाहणारी, त्यांना वाट दाखवणारी, खाऊ घालणारी तिमोरी पोरं होती. फौज निघून गेली, पोरं तिथेच राहिली. युद्ध संपेपर्यंत तिमोरचे मेलेले लोक चाळीस हजारांच्या वर मोजले जातात. तुमच्या कथेतली तुकडी यशस्वी झाली, तर तिच्या मागे राहिलेल्या गावाचं काय झालं, हे पान लिहिल्याशिवाय कथा पुरी झाली असं समजू नका.

अंदमानातही हेच घडलं, आणि तिथे तर गावकऱ्यांनी कोणाला आसराही दिलेला नव्हता. जानेवारी १९४३ मध्ये मेजर मॅकार्थी, जे आधी पोर्ट ब्लेअरलाच पोलीस खात्यात होते, डच पाणबुडीतून गुपचूप बेटावर उतरले, टेहळणी करून परतले. जपानी जहाजं बुडत होती आणि बेटावर कोणीतरी खबर देतंय असा संशय जपान्यांच्या डोक्यात बसला. मग पकडापकडी सुरू झाली. डॉक्टर दिवाण सिंग हे इंडियन इंडिपेंडन्स लीग या जपानच्या पाठिंब्यावरच्या स्वातंत्र्यवादी संघटनेचे तिथले अध्यक्ष, म्हणजे जपान्यांच्या बाजूचेच मानले जाणारे. त्यांना ऑक्टोबर १९४३ मध्ये अटक झाली, ८२ दिवस छळ झाला आणि १४ जानेवारी १९४४ ला ते गेले. ३० जानेवारीला हंफ्रीगंजला ४४ जणांना गोळ्या घातल्या. यांच्यातल्या कोणाकडे वायरलेस नव्हता.

आणि याच्या मधोमध नेताजींची भेट आहे. २९ डिसेंबर १९४३ ला ते पोर्ट ब्लेअरला आले, दुसऱ्या दिवशी जिमखाना मैदानावर तिरंगा फडकवला, सेल्युलर जेल पाहिलं. दिवाण सिंग त्या वेळी त्याच जेलमध्ये होते. नेताजींपर्यंत हे पोचू दिलं गेलं नाही. बेटांना शहीद आणि स्वराज ही नावं मिळाली, कर्नल लोगनाथन कारभारी म्हणून आले, पण शिक्षण खात्यापलीकडे त्यांच्या हाती फार काही दिलं नव्हतं. हा भाग लिहिताना हात कापतो हे मला माहीत आहे. नेताजींवर माझी श्रद्धा आहे आणि दिवाण सिंगांविषयीही माझ्या मनात तितकाच आदर आहे. कथेने दोघांपैकी एकाला खोटं पाडायचं नसतं. मैदानात टाळ्या वाजवणारा माणूस मनापासून वाजवत होता, आणि त्याचा भाऊ पलीकडच्या कोठडीत होता, एवढं लिहिलं तरी पुरे.

वायरलेसवरून आठवलं. अंबडच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण माझ्याकडे कथा घेऊन आला. त्याच्या जंगलातल्या माणसाने तीन महिने रोज रात्री संदेश पाठवले. मी विचारलं, “वीज कुठून आणलीस रे?” तो म्हणाला, “बाई, बॅटरी असेल ना.” मी म्हटलं, “भरायची कशी?” पुढच्या खेपेला तो नवं दृश्य घेऊन आला. दोन पोरं आळीपाळीने जनरेटरचा दांडा फिरवतात. दांड्याचा घरघराट लांबवर जातो, म्हणून ते पाऊस कोसळायला लागेपर्यंत थांबतात, आणि पाऊस थांबला की संदेश अर्धाच राहतो. आधीच्या मसुद्यात हा पाऊस नुसता शोभेला होता. कारखान्यात मशिन चालवणाऱ्याला हे सुचलं, कारण यंत्राला काहीतरी फिरवावं लागतं हे त्याच्या अंगात होतं. तुमच्या रोजच्या कामातलं जे ज्ञान आहे, ते कथेत आणा.

दारूगोळ्याचंही तसंच. देवळालीच्या रेंजवर तोफांचा सराव चालला की आमच्याकडे खिडक्या थरथरतात, पण ऐकणं वेगळं आणि हिशोब ठेवणं वेगळं. आमच्या गटातले एक निवृत्त सुभेदार काका प्रत्येक मसुद्यावर एकच प्रश्न टाकतात: या जवानाकडे सकाळी किती राउंड होते आणि आता किती आहेत? तो आकडा समासात पेन्सिलीने लिहीत जा. जंगलातल्या तुकडीला नवी पेटी कुठूनही येणार नाही.

शत्रू आणि इतर माणसं

जपानी शिपाई सगळे एकसारखे रंगवू नका. पहिल्या दिवशी ते सुटका करायला आलो म्हणून आले, आणि बऱ्याच लोकांना ते खरंही वाटलं. मग काही दिवसांतच शिपाई घरांत शिरू लागले आणि झुल्फिकार नावाच्या एका तरुणाने हवेच्या बंदुकीने गोळी झाडली. कोणी मेलं नाही. तरी त्याला लोकांदेखत हाल करून मारलं. स्वागतापासून दहशतीपर्यंतचा हा प्रवास एका आठवड्याच्या आतला आहे. तुमच्या पात्राचं मत त्या आठवड्यात कसं बदलतं ते दाखवा.

खबऱ्यालाही माणूस म्हणून लिहा. तो पैशापेक्षा भीतीने, किंवा मुलाला कोठडीतून सोडवायला खबर देतो. तिथल्या जंगलात राहणाऱ्या जारवा आदिवासींना मात्र वाटाडे म्हणून वापरू नका. त्यांच्या जंगलात इंग्रज, जपानी आणि तुमचा नायक, तिघेही घुसखोरच आहेत.

ज्यांना खरोखर मारलं त्यांची नावं नायकाला देऊ नका आणि त्यांच्या तोंडी बनावट वाक्यं घालू नका. दिवाण सिंग कथेत येतील ते दुरून, जसे गावाने त्यांना पाहिले तसे. बाकी पात्रं तुमची.

नाशिकचा धागा

मराठी वाचकाला बेटापर्यंत नेणारा धागा लागतो. तो ओढूनताणून आणण्याची गरज नाही. नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जात होत्या. पोर्ट ब्लेअरच्या दुकानदाराच्या गल्ल्यात पाच रुपयांची नोट असेल तर ती आमच्या गावची. जपानी सत्तेत त्या नोटेचं काय करायचं? जाळायची, पुरायची, की इंग्रज परत येतील म्हणून छपरात खोचून ठेवायची? छपरात नोट सापडली तर त्याचा अर्थ झडतीवाल्याच्या लेखी काय होईल? एका प्रेस कामगाराची बहीण लग्न होऊन बेटावर गेलीय असं धरा, आणि दोन्ही टोकं जोडली जातात. दुसरा धागा देवळाली कॅम्पचा. युद्धकाळात परदेशातून आलेले आणि पुढे जाणारे सैनिक तिथे मुक्कामाला असत. कॅम्पात दूध घालणाऱ्याच्या कानावर पडलेली अर्धवट बातमी, वर्तमानपत्रांवरची सेन्सॉरची कात्री, आणि रात्री हळू आवाजात लावलेला बर्लिनचा आझाद हिंद रेडिओ. या तिन्हींत बेटावर काय चाललंय याची तीन वेगळी उत्तरं मिळतील. खरं उत्तर फक्त वाचकाला माहीत असेल, आणि इथून कथेला ताण मिळतो.

हा धागा पातळच ठेवा. कथा बेटाची आहे.

शेवट कुठे करायचा

खऱ्या इतिहासात ७ ऑक्टोबर १९४५ ला जिमखाना मैदानावर जपान्यांनी शरणागती दिली. तुमच्या कथेत ती तारीख पुढेमागे झाली असेल तर का झाली, ते भिंतीवरच्या कागदावर दाखवता आलं पाहिजे. एका तुकडीने तीन वर्षं आधी बेट मुक्त केलं, हा शेवट मी मान्य करत नाही. मुक्त केलं तर राखलं कोणी, आणि जेवू कोणी घातलं?

शेवट ठरवण्याआधी मी प्रत्येकाला एक आकडा काढायला लावते. १९५१ च्या जनगणनेत अंदमानची लोकसंख्या १८,९६२ आहे. दहा वर्षांपूर्वीपेक्षा दोन हजारांवर कमी. युद्धानंतर पुष्कळ कैदी मुख्यभूमीवर परतले आणि १९४९ पासून बंगालचे निर्वासित येऊ लागले, त्यामुळे हा फरक म्हणजे मृतांचा आकडा नव्हे. पण तुमच्या कथेतल्या अंदमानात १९५१ साली किती माणसं आहेत, ते लिहा. प्रतिकारामुळे जास्त उरली की कमी? कोणत्या गावातली? उत्तर देता येत नसेल तर मधली काही पानं अजून लिहायची राहिली आहेत.

मसुदा झाला की दिवाळी अंकाकडे पाठवण्याआधी दोघांना वाचायला द्या. एक असा, ज्याने आयुष्यात होडी चालवली आहे. दुसरी अशी बाई, जिने रेशनच्या रांगेत उभं राहून घर चालवलं आहे. दोघांच्या समोर अंदमानचा नकाशा ठेवा, हातात पेन्सिल द्या, आणि माणूस इथून तिथे कसा गेला किंवा त्या दिवशी काय खाल्लं हे जिथे कळत नाही तिथे समासात फुली मारायला सांगा. फुल्या मोजा आणि सर्वांत जास्त फुल्या असलेल्या प्रकरणापासून पुन्हा लिहायला बसा.